पत्ता तोच, घर दुसरं

"मॅडम, आमच्याकडे नेट येईल का?"

हा प्रश्न मला कुठे कुठे विचारला गेला ते सांगितलं तर खोटं वाटेल. महाडच्या भाजीबाजारात, लग्नाच्या पंगतीत, आणि एकदा तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, मी डोळ्यांत औषध घालून बसले होते तेव्हा. शेजारच्या बाईंनी माझा आवाज ओळखला होता. मी डोळे मिटूनच विचारलं, "कुठं राहता?" त्यांनी गल्लीचं नाव सांगितलं.

"खांबाच्या अलीकडे की पलीकडे?"

"अलीकडे."

"मग येईल."

आतून नर्सने हाक मारली, बाई उठून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्यांच्याकडे नेट लागलं. त्यांचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं महाडच्या टेलिफोन ऑफिसात काउंटरवर गेली. पुढे स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वाटलं, सुटले. सहा महिन्यांतच घरोघर इंटरनेट देणाऱ्या इथल्याच एका छोट्या कंपनीचे मालक घरी आले. म्हणाले, "महाड-पोलादपूरमधलं घर न् घर तुम्हाला पाठ आहे असं ऐकलंय." मला घरं पाठ नव्हती, खांब पाठ होते. पण तसं मी त्यांना सांगितलं नाही. त्यांच्याकडे आणखी काही वर्षं काम केलं आणि मागच्या वर्षी खरोखरच घरी बसले.

या कामाला आमच्या धंद्यात फिजिबिलिटी म्हणतात. नाव भारदस्त, काम साधं. एखाद्या पत्त्यावर कोणतं नेट देता येईल, आणि मुळात देता येईल का, ते बघायचं. मोठ्या शहरात हे काम कॉम्प्युटर करतो. पिनकोड टाकायचा, हिरवी खूण आली की झालं. आमच्याकडे एका पिनकोडात एक नदी, दोन डोंगर आणि कितीतरी वाड्या येतात. हिरवी खूण त्या सगळ्यांना सारखीच दिसते. मग पोलादपूरच्या बाजारपेठेत नेट आहे म्हणून कड्याखालच्या वाडीतला माणूसही आनंदाने फोन करतो, आणि त्याला "नाही" सांगायचं काम माझ्याकडे येतं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडं सांगते. पूर्वी टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतूनच नेट यायचं. ते वाटेत दमायचं. एक्स्चेंजपासून तीन-चार किलोमीटरच्या आत घर असलं तर बरं, त्यापुढे नुसती लाल लाईट. मग फायबर आलं. काचेचा केसासारखा धागा. तो दमत नाही, पण घराजवळच्या खांबावर त्याचा डबा असावा लागतो आणि डब्यापासून घरापर्यंत तार ओढावी लागते. मध्ये जंगलखात्याची जमीन आली की परवानगीचे कागद फिरत बसतात. तिसरा उपाय डिशचा. छपरावर ताटाएवढी डिश लावायची. टॉवरवरच्या डिशला ती समोरासमोर दिसली पाहिजे. मध्ये एखादं आंब्याचं झाड आलं तरी खेळ खलास. आणि काहीच नाही जमलं तर मोबाईलचं सिम घातलेला डबा, खिडकीत जिथे दोन दांड्या रेंज असेल तिथे ठेवायचा. थेट आकाशातून येणारं नेट आता येणार म्हणतात. आलं तर माझ्यासारखीचं काम संपलं.

पण ते काम होतं तेव्हा मजा होती. जुन्या ऑफिसातली फ्रेमरूम मला अजून आठवते. गावातल्या सगळ्या तारा जमिनीखालून त्या खोलीत यायच्या आणि रंगीत दोऱ्यांसारख्या लोखंडी चौकटीवर चढायच्या. काउंटरवर कोणी नसलं की मी आत जाऊन उभी राहायची. खोलीला एक वास होता, गरम धुळीचा आणि वितळलेल्या कथिलाचा. एका पुरात पाणी त्या चौकटीच्या निम्म्यावर चढलं. पाणी ओसरल्यावर आम्ही सगळे, साहेबांपासून शिपायापर्यंत, चिखलात उकिडवे बसून तारा पुसत होतो. रजिस्टरं दोरीवर वाळत घातली होती. त्यांतली शाई फुटून निळे डाग झाले होते आणि कोणत्या पत्त्याला तारांची कोणती जोडी दिलीय हे सांगणारं ऑफिसात कोणी उरलं नव्हतं. मला बरंचसं आठवत होतं. मी सांगत गेले, लाईनमन जोडत गेले. नोकरीतला तो माझा सगळ्यात अभिमानाचा आठवडा.

आमच्याकडचे पत्तेही तसेच. हिरकणीवाडीला गडाच्या पायथ्याशी पिठलं-भाकरीचं छोटं हॉटेल चालवणाऱ्या एका बाईंनी अर्जात पत्ता लिहिला होता, "रोपवेकडून उतरलात की ज्या घरासमोर कुत्रा झोपलेला असतो ते." मी फोन करून म्हटलं, "अहो, कुत्रा उठून गेला तर?" त्या म्हणाल्या, "नाय जाणार. म्हातारा हाय." मी गेले, आणि कुत्रा खरोखरच होता. शेजारच्या हॉटेलात वायफाय आल्यामुळे पर्यटकांची पोरं तिकडेच जाऊन बसतात, ही बाईंची तक्रार होती. तिथे तेव्हा सिमच्या डब्याशिवाय काही शक्य नव्हतं. तो मी त्यांच्या माळ्यावरच्या झरोक्यात ठेवून दिला. जेवल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही.

सगळ्या गोष्टी अशा गोड झाल्या नाहीत. पोलादपूरचे एक निवृत्त गुरुजी दर मंगळवारी काउंटरवर यायचे. त्यांच्या आळीत जाणारी केबल महामार्गाच्या कामात तुटली होती. जोडली की पुन्हा जेसीबी यायचा, पुन्हा तुटायची. मुलगा परदेशात, नातीला नीट बघता यावं एवढंच त्यांचं म्हणणं. दोन वर्षं मी त्यांना "पुढच्या महिन्यात" सांगत राहिले. ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. नमस्कार करायचे आणि बसस्टँडकडे चालू लागायचे. शेवटी त्यांच्या आळीत फायबर पोचलं त्या दिवशी मी स्वतः त्यांना फोन केला. त्यांनी दिलेला नंबर शेजाऱ्यांचा होता, त्यांनीच उचलला. गुरुजी पुण्याला पुतण्याकडे कायमचे राहायला गेले होते. पुण्यात त्यांना नेट मिळालं असणार. पण "पुढच्या महिन्यात" म्हणण्याऐवजी मी पहिल्याच मंगळवारी खरं सांगितलं असतं, तर त्यांच्या दोन वर्षांच्या एसटीच्या फेऱ्या वाचल्या असत्या.

मात्र माझी सर्वांत मोठी चूक "नाही" म्हणण्याची किंवा टोलवण्याची नव्हती. ती "हो" म्हणण्याची होती.

कंपनीत लागल्यानंतरची गोष्ट. ऐन जुलै. वाऱ्याने तारा पडलेल्या, टेबलावर तक्रारींचा ढीग. त्यात एका मुलीचा फोन आला. रेश्मा तिचं नाव. मुंबईत विम्याच्या क्लेमचे कागद तपासायच्या नोकरीला होती. गाव म्हणजे पोलादपूरकडच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाची एक वाडी. वर्षापूर्वी आई गेली होती. वडील एकटे होते आणि त्यांच्या डोळ्यांना दिसणं कमी होत चाललं होतं.

"मॅडम, कंपनी मला घरून काम करू देतेय," ती म्हणाली. "पण मोबाईलचं नेट चालणार नाही. फिक्स कनेक्शन पाहिजे, स्पीडचा पुरावा पाहिजे. आमच्या घरी येईल का? येत असेल तरच मी इथली रूम सोडते."

"घर नंबर सांग."

तिने सांगितला. मी कॉम्प्युटरमध्ये टाकला. त्या वाडीतल्या त्याच नंबरवर, त्याच आडनावाने, आमच्या कंपनीचं डिशचं कनेक्शन चालू होतं. मला वाटलं, घरातल्या कोणीतरी आधीच घेतलंय आणि पोरीला माहीत नाही. एरवी मी दहा प्रश्न विचारते. शेजारी कोण, ओढ्याच्या अलीकडे की पलीकडे, दारातून टॉवरची लाल लाईट दिसते का. माझी एक वही होती, तीत मी वाड्यांचे नकाशे काढून ठेवायची. त्या दिवशी मी वही उघडली नाही.

"अगं, त्या पत्त्यावर चालूच आहे," मी म्हटलं. "ये बिनधास्त."

रेश्माने रूम सोडली. सामान टेम्पोत घातलं आणि गावी आली. तिच्या कंपनीने नेट दाखवायला पंधरा दिवसांची मुदत दिली होती. ती आल्यावर चौथ्या दिवशी आमचा विनायक वाडीवर गेला. विनायक आमचा जुना फिटर, माझ्याबरोबर टेलिफोनमधूनच आलेला. दुपारी त्याचा फोन आला.

"मॅडम, घर सापडलं. पण इथं आपली डिश आधीच लागलीय."

"हो ना. मग त्यांचंच आहे ते."

"त्यांचं नाय. हे घर महादूकाकांचं. त्यांच्या मुंबईच्या मुलाने घेऊन दिलंय. रेश्मा खालच्या घरात राहते. दोन्ही घरांचा नंबर एकच हाय, वाटण्या झाल्या पण नंबर तोच राहिला." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मॅडम, म्हातारे म्हणतात, तिच्या बापाचं नाव आमच्या दारात घेऊ नका."

आता मी वही उघडली.

दुसऱ्या दिवशी विनायकबरोबर मी स्वतः गेले. गाडी कापड्यापर्यंत, पुढे चढण. भाताची खाचरं पाण्याने भरलेली, लावणीचे दिवस. रेश्माचं घर उताराच्या कुशीत होतं. समोर बांबूची बेटं आणि त्यामागे उंचवटा. टॉवर दिसायचा प्रश्नच नव्हता. दीडेकशे पावलं वर, टेपावर म्हणजे टेकाडावर, महादूकाकांचं घर. तिथून टॉवर ताटात वाढल्यासारखा दिसत होता.

मी मनात तयारी करून गेले होते की पोरगी बोलणार, भांडणार. पण ती भांडली नाही. ओट्यावर तिचं मुंबईचं सामान अजून दोरीने बांधलेलं होतं. तिने मला पाणी दिलं आणि विचारलं, "मग आता मी काय करू, मॅडम?"

मी एकेक पर्याय तपासला. फायबर कापड्याच्या रस्त्यावर संपत होतं. मधला पट्टा जंगलखात्याचा, परवानगीला वर्ष गेलं असतं. सिमचा डबा तिची कंपनी घेत नव्हती. उंच खांब उभारून डिश लावायची तर त्या वाऱ्यात खांब टिकला नसता. उरला एकच मार्ग. महादूकाकांच्या छपरावर आणखी एक डिश लावायची आणि तिथून खाली तार आणायची.

रेश्माचे वडील पांडुरंग दारातच बसले होते. मी त्यांना ते सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"तो देणार नाय."

"का?"

"फणस," ते म्हणाले.

पुढचं रेश्माने सांगितलं. महादूकाका आणि पांडुरंग चुलतभाऊ. दोन घरांच्या हद्दीवर एक फणस होता, पांडुरंगांच्या वडिलांनी लावलेला. महादूकाकांनी नवं घर बांधताना तो न विचारता तोडला आणि वासे केले. त्याला नऊ वर्षं झाली होती. तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. आईच्या दिवसाला काकी आल्या होत्या, काका आले नव्हते.

मी एकटीच टेपावर चढले. महादूकाका पडवीत दोर वळत बसले होते. काकी आत चुलीशी. मी चूक कशी झाली ते सरळ सांगितलं. माझ्या शब्दावर पोरीने मुंबईची जागा सोडली, आता नोकरी जाईल, हेही सांगितलं. त्यांनी दोर वळायचं थांबवलं नाही.

"तार माझ्या आंगणावरनं जायची नाय," ते म्हणाले. "आज तार, उद्या वाट. परवा म्हणतील हक्क हाय आमचा."

"काका, लिहून देऊ आम्ही. कंपनीच्या कागदावर."

"कागद मी लय बघितले."

"पोरीचं काय चुकलं त्यात?"

त्यांनी दोराला पीळ दिला. "मी पोरीबद्दल बोललो काय? मी तारेबद्दल बोलतोय."

आतून काकी बाहेर आल्या. पदराला हात पुसत नवऱ्याला म्हणाल्या, "तार नको ना तुमाला? मग नको. पोरगी इथं येऊन बसंल. पडवीत टेबल हाय, पंखा हाय. आपल्या घरात आपली पुतणी बसली तर कसली वाट नि कसला हक्क?"

महादूकाका बायकोकडे बघत राहिले. मग पुन्हा दोर वळू लागले.

"मी काय बोललेलो नाय," ते म्हणाले.

काकींनी मला डोळ्यांनी खुणावलं. तो होकार होता.

खरी परीक्षा खालच्या घरात होती. पांडुरंगांनी सगळं ऐकून घेतलं. "त्या घरात?" एवढंच म्हणाले. रेश्मा खाली मान घालून उभी होती. खाचरातून बायांच्या गाण्याचा आवाज येत होता. शेवटी ते म्हणाले, "ती वासे बघील वर. फणसाचे हायत ते." आणि थोड्या वेळाने, "जाऊ दे तिला. माझ्यापायी मुंबई सोडून आलीय. मी येणार नाय सोडायला."

रेश्मा दुसऱ्या दिवसापासून सकाळी नऊला लॅपटॉप छातीशी धरून टेपावर जाऊ लागली आणि संध्याकाळी सहाला खाली येऊ लागली. एका कनेक्शनवर एका कुटुंबाने काम करावं असा आमच्या कंपनीचा नियम होता. मी नोंदीत लिहिलं, "वापर: कुटुंबातील व्यक्ती." ते खोटं नव्हतं.

त्यानंतर एक गंमत झाली. ज्या महादूकाकांनी कनेक्शन घेतल्यापासून एकदाही ऑफिसला फोन केला नव्हता, त्यांचे फोन सुरू झाले.

"मॅडम, लाल लाईट लागलीय. पोरीची मीटिंग हाय साडेअकराला."

"बघते, काका."

"बघते नको. माणूस पाठवा."

पुन्हा काही दिवसांनी फोन. "वानरांनी डिश फिरवली. मी दगड मारून पळवली. आता कुटं तोंड करू डिशीचं?" मी फोनवर सांगत होते, सत्तरीचा माणूस शिडीवर उभा राहून डिश बोटाएवढी फिरवत होता आणि खालून रेश्मा ओरडत होती, "आलं, आलं, काका, तिथंच ठेवा!" विनायक पुढे एकदा तिकडे गेला तेव्हा त्याने पाहिलं, डिशीभोवती महादूकाकांनी बाभळीचे काटे बांधले होते. रेश्माची मीटिंग चालू असली की ते कोंबड्यासुद्धा अंगणातून हाकलत असत. दुपारी तिघांचा चहा व्हायचा. रेश्मा त्यांना विम्याच्या गमती सांगायची. संध्याकाळी खाली येताना तिच्या हातात काकींनी दिलेलं काहीतरी असायचं, कधी अळूची वडी, कधी नाचणीची भाकरी. पांडुरंग ते खायचे. कोणी दिलं ते विचारायचे नाहीत.

मला मात्र चैन नव्हतं. माझ्या चुकीमुळे पोरगी दुसऱ्याच्या पडवीत बसते, ही गोष्ट मनात टोचत होती. मी जंगलखात्याच्या परवानगीमागे लागले. अर्ज केले, माणसांना भेटले, मालकांना सतावून सोडलं. दीड वर्षाने वाडीपर्यंत खांब गेले. फायबरचा पहिला डबा रेश्माच्या घरासमोरच्या खांबावर लागला. मी लगेच फोन केला.

"रेश्मा, आता तुझ्या स्वतःच्या घरात येईल. खरंच येईल. मी स्वतः बघून आलेय."

ती खूप खूश झाली. आठवड्यात जोडणी झाली. तालुक्यात त्या दिवसापर्यंत एवढ्या स्पीडची लाईन दुसरी नव्हती. मला वाटलं, माझी चूक पुसली गेली.

दोनेक महिन्यांनी महादूकाका महाडच्या ऑफिसात आले. पहिल्यांदाच आले होते. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर टोपी. खुर्चीवर टेकून बसले.

"आमचं बंद करायचं हाय," ते म्हणाले.

"का हो काका? काही तक्रार?"

"तक्रार कसली. वापर नाय."

"मुलगा बोलतो ना त्यावर?"

"तो मोबाईलवर बोलतो. त्याला काय." ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. "पोरीला तिच्या घरात आलं. चांगलं झालं. तुमी लय खटपट केलीत."

अर्जात एक रकाना असतो, बंद करण्याचं कारण. मी पेन धरून त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "लिवा काय लिवायचं ते." मी रकाना रिकामा ठेवला. त्यांनी सही केली. जाताना दारात थांबून म्हणाले, "ही दुपारी अजून तीन कप मांडते. सवय."

तो अर्ज मी पुढे पाठवला नाही. नोकरीत पहिल्यांदाच एक कागद मुद्दाम खणात ठेवला आणि चार दिवस ठेवला. चौथ्या दिवशी रेश्माला फोन केला. काका ऑफिसात आले होते एवढंच सांगितलं, आणि तीन कपांचं सांगितलं.



"मॅडम, मला वाटायचं मी त्यांना ओझं आहे," ती म्हणाली. "दीड वर्ष त्यांची पडवी अडवून बसले. म्हणून नेट आल्याबरोबर मी लगेच... एकदा जाऊन सांगायला पाहिजे होतं. लाज वाटली. आता कशी जाऊ?"

"ते मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "मला फक्त तारांमधलं कळतं."

आमच्या स्क्रीनवर कोणत्या घरात नेट चालू आहे आणि किती वापर होतो एवढं दिसतं. लोक काय बघतात ते दिसत नाही. पुढच्या सोमवारी मी सहज ती दोन घरं उघडून बघितली. खालच्या घरातली नवी कोरी फायबरची लाईन सकाळी नऊनंतर शांत होती. टेपावरच्या जुन्या डिशीवर मात्र भरपूर वापर चालला होता. संध्याकाळी सहाला तो थांबला. मंगळवारी तसंच. बुधवारी तसंच. मी खणातला अर्ज काढला आणि फाडून टाकला.

पंधरा दिवसांनी पांडुरंग आले. विनायक त्यांना हाताला धरून आत घेऊन आला, कारण पायरी नीट दिसत नव्हती. मी चहा मागवला. ते बशीत ओतून सावकाश प्यायले.

"मॅडम, एक विचारायचं होतं."

"विचारा ना."

"रेश्मा म्हणते, घरातलं नवं नेट स्लो हाय. म्हणून तिला वर जावं लागतं, महादूकडं." त्यांनी बशी खाली ठेवली. "खरं हाय काय ते?"

स्क्रीन माझ्यासमोरच होती. खालच्या घरासमोर हिरवा ठिपका, एकही दोष नाही. त्यांना स्क्रीन दिसत नव्हती. दिसली असती तरी वाचता आली नसती. तरीही मी ती थोडी वळवून घेतली.

"हो," मी म्हटलं. "तुमच्या बाजूला जरा प्रॉब्लेम आहे."

"मोठा?"

"तसा मोठाच."

"कधी नीट होईल?"

"सांगता येत नाही, काका."

ते हसले नाहीत, पण चेहरा सैल झाला. मग काठी हातात घेऊन उठले.

"ऱ्हाऊ द्या मग," पांडुरंग म्हणाले. "घाई नाय."